एक दाणा कमी

बुद्धिबळाच्या पटाची ती गोष्ट मराठी घरात वाढलेल्या कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. राजा खूश होतो, हवं ते माग म्हणतो. पट तयार करणारा पंडित मान खाली घालून मागणी करतो: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरून द्या. राजा हसतो, कोठीवाल्याला हाक मारतो, आणि थोड्याच वेळात त्याचं हसू मावळतं. गोष्ट सांगणारा इथे एक भलामोठा आकडा फेकतो, ऐकणारा ‘बाप रे’ म्हणतो आणि विषय संपतो. कुणी गव्हाऐवजी तांदूळ घेतं, कुणी शेवटी पंडिताचं डोकं उडवतं. ‘बाप रे’ मात्र सगळीकडे सारखंच.

माझं भांडण या ‘बाप रे’शी आहे. त्याच्यापायी आकडा पुरता ऐकून घ्यायचा राहून जातो. तो असा:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंक. सांगणारे बहुतेक ‘अठरावर अठरा शून्यं’ म्हणून मोकळे होतात, आणि नुसता धाकच घालायचा तर तेवढं पुरतंही. पण माझी उमेदीची वर्षं बँकेच्या काउंटरमागे गेली. तिथे डावीकडचे अंक कुणाला छळत नाहीत. लाखाचा घोळ लांबूनच दिसतो. छळतो तो उजवीकडचा एक रुपया. शटर अर्धं खाली आलेलं, खातेदार गेलेले, आणि कॅश जुळत नाही म्हणून आम्ही चहा मागवून पुन्हा टोटल मारत बसलेले. फरक निघाला की पहिली कसोटी ठरलेली: त्याला नवाने भाग जातो का? गेला, तर बहुधा कुठेतरी ५४ च्या जागी ४५ पडलेत. रकान्यात आधी तेवढंच शोधायचं. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नवाच्या पटीतच येतो, हे आम्हाला कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं, आम्ही करत आलो.

त्या सवयीने या आकड्याकडे पाहिलं की नजर आधी उजव्या टोकाला जाते. तिथे ६१५. म्हणजे संख्या विषम. दुसऱ्या घरापासून चौसष्टाव्यापर्यंत प्रत्येक घरात सम दाणे आहेत. बेरीज विषम करणारा दाणा एकच, पहिल्या घरातला. पटावर बोट ठेवून बघा. पहिल्या दोन घरांत मिळून ३, तिसऱ्यात ४. पहिल्या तिघांत मिळून ७, चौथ्यात ८. पुढचं घर मागच्या सगळ्या बेरजेपेक्षा नेहमी एकाने जास्त. तेव्हा चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे, पटाला आणखी एक घर असतं तर त्यात जितके दाणे पडले असते, त्याहून एक कमी. त्या नसलेल्या पासष्टाव्या घरात पडले असते दोनाच्या चौसष्टाव्या घाताइतके, शेवट ६१६. आपल्याकडे एक दाणा कमी आहे, आणि या संख्येचं सगळं अंतरंग त्या कमी असलेल्या दाण्याने ठरवलं आहे, असं माझं म्हणणं.

दोनाचा चौसष्टावा घात काढायला दुप्पट-दुप्पट करत पटभर फिरावं लागत नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात यावर रीत आहे. तिथे प्रश्न गव्हाचा नाही, वृत्तांचा आहे: चरणात इतकी अक्षरं असली तर लघु-गुरूंच्या मांडण्या किती? प्रत्येक अक्षराला दोनच पर्याय, म्हणजे पुन्हा दोनाचे घात. अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा. परत येताना निम्म्याच्या जागी वर्ग आणि वजाबाकीच्या जागी दुप्पट. चौसष्ट ही तर निम्मी होत होत थेट एकावर येणारी संख्या. मग सहा वर्गांत काम भागतं: २ वरून ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग केला की ६१६ वाला आकडा हातात. शेवटचा गुणाकार तेवढा जरा घाम काढतो.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त हीच रीत बेरजेसाठी चालवली आहे, आणि तिथलं उदाहरण मला पटाच्या गोष्टीहून जास्त आवडतं. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर देत राहतो. एकूण निष्क किती? कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. पण आचार्य तिथे थांबत नाहीत. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क, असा हिशोब उतरवत उत्तर येतं: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. एक लाखाहून जास्त निष्क देऊन झाल्यावरही सहा कवड्या सोडलेल्या नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठात हे गणित फळ्यावर नाही तरी पाटीवर नक्कीच सुटलं असेल. विद्यार्थ्याने सहा कवड्या गाळल्या तर काय व्हायचं ते मात्र शिलालेखात नाही.

याच ‘लीलावती’त स्थानांची नावं परार्धापर्यंत येतात, अठरा स्थानं. आपली संख्या त्यात मावत नाही. एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, निखर्वाच्या घरात काही नाही, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, कोटीच्या घरात पुन्हा काही नाही, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहाशे पंधरा. एकदा मोठ्याने म्हणून बघा. शेवटचे सहाशे पंधरा येतात तेव्हा जिना उतरून अंगणात आल्यासारखं वाटतं.

ही बेरीज अचूक काढून ठेवणाऱ्यांत अल्-बिरूनी फार वरचा. इसवी सन १००० च्या आसपासच्या, प्राचीन लोकांच्या कालगणनांवरच्या ग्रंथात त्याने ती दिली आहे, वर्गावर वर्ग करत, शेवटच्या ६१५ पर्यंत. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान मात्र आपल्यासारखा. त्याने पटाची गोष्ट ऐकली, पण धान्य इतकं होईल हे त्याला पटेना. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशोबनीसाने कागद घेऊन त्याला समजावलं. सोळाव्या घरापर्यंत दाणे मोजले: ३२,७६८. इतके दाणे एका मापात मावतात, हे आपण मोजून पाहिल्याचं सांगितलं. (शेतकी खात्याच्या भाषेत ‘हजार दाण्यांचं वजन’ गव्हासाठी चाळीस ग्रॅमच्या आसपास धरतात, त्या हिशोबाने हे सव्वा किलोच्या थोडं पुढे जातं.) तिथून पुढे त्याने दाणे सोडले आणि मापं दुप्पट केली, मग मोठी मापं, मग चाळिसाव्या घरात एक कोठार भरलं. पन्नासाव्या घरात १,०२४ कोठारं. इतकी कोठारं असलेलं ते एक शहर म्हणायचं. चौसष्टाव्या घरात अशी १६,३८४ शहरं. जगात तेवढी शहरं तरी आहेत का, असा त्याचा सवाल.

मला हा हिशोबनीस ओळखीचा वाटतो. समोरच्याला पटवायचं असेल तर एकक बदलत जावं लागतं, हे त्याला कळलेलं होतं. आजच्या भाषेत तो म्हणाला असता की साऱ्या जगाचा वर्षाचा गहू साधारण ऐंशी कोटी टन, त्या दराने नऊशे वर्षांचं पीक. पण त्याच्या कागदावर ६१५ उरले नाहीत. पटलं, पण आकडा हातातून गेला.

आता पटाच्या ओळी मोजू या, कारण खरी गंमत तिथे आहे. खालची पहिली ओळ, आठ घरं: बेरीज २५५. दुसऱ्या ओळीतलं प्रत्येक घर त्याच्या खालच्या घराच्या २५६ पट, म्हणून अख्खी दुसरी ओळ पहिलीच्या २५६ पट. दोन्ही मिळून पहिलीच्या २५७ पट. पुढच्या दोन ओळी या दोन ओळींच्या ६५,५३६ पट, म्हणून चार ओळी मिळून ६५,५३७ पट. वरचा अर्धा पट खालच्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट, तेव्हा पूर्ण पट ४,२९,४९,६७,२९७ पट. पहिल्या ओळीचे २५५ असेच आतून फोडले की ३, ५ आणि १७ निघतात. म्हणजे सगळं धान्य:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

ही उकल कुणी खटपट करून शोधलेली नाही. पट मधोमध दुमडत गेलं की ती आपोआप पडते. शाळेतलं ‘वर्गातून एक वजा केला की अधिक एक गुणिले उणे एक’ हे सूत्र सहा वेळा लागतं. मात्र ‘एक वजा’ असेल तरच. शेजारची ६१६ वाली संख्या घ्या: दोन गुणिले दोन गुणिले दोन, चौसष्ट वेळा. संपलं. तिच्यात पाहण्यासारखं काहीच नाही.

त्या सहा अवयवांना नाव आहे फर्माच्या संख्या. पिएर द फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधिकारी. गणित त्याने मुख्यतः पत्रांतून केलं. १६४० मध्ये त्याने आपली समजूत लिहून कळवली की या पद्धतीच्या सगळ्याच संख्या मूळसंख्या असतात. पहिल्या पाच आहेतच. सहावी, दहा अंकी, त्याने तपासली असती तर उत्तर मिळालं असतं, पण समजूत घट्ट होती. जवळपास शंभर वर्षं ती तशीच राहिली. गोल्डबाखने पत्र लिहून तरुण ऑयलरला या गोष्टीत ओढलं, आणि १७३२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, सेंट पीटर्सबर्गमध्ये ऑयलरने सांगितलं की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

६४१ त्याने हवेतून काढला नाही. अशा संख्येला भाग जाणारी मूळसंख्या ६४ च्या कुठल्यातरी पटीहून एकाने जास्तच असते, हे त्याने पुढे सिद्ध करून दाखवलं. म्हणजे तपासायच्या उमेदवारांची यादीच आखूड होते: १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१. चौसष्ट घरांच्या पटातला शेवटचा लपलेला अवयव शोधायलाही चौसष्टच कामाला यावेत, हे मला फार नेटकं वाटतं.

६४१ चालतो का, हे न भागताही कळतं, आणि ते एकदा सावकाश पाहण्यासारखं आहे. ६४१ म्हणजे ६४० अधिक एक, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले दोनाचा सातवा घात. ६४१ च्या हिशोबात ६४० ही ‘एक कमी’, म्हणजे बाकी उणे एक. उणे एकाचा चौथा घात अधिक एक. तेव्हा ५ चा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी एक. इथपर्यंत एक बाजू. आता दुसरी: ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा. ६२५ हा पाचाचा चौथा घात, १६ हा दोनाचा चौथा. म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात. ठेवले की दोनाच्या अठ्ठाविसाव्या घाताला दोनाचा चौथा घात मिळतो, बत्तिसावा होतो, पुढे उणे चिन्ह, आणि त्याची बाकी एक. म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवला की बाकी शून्य. एकच संख्या दोन रीतींनी लिहिली आणि काम झालं. पटावर ६४१ मांडायचेच तर पहिलं, आठवं आणि दहावं घर पूर्ण उचला: १, १२८ आणि ५१२. चौसष्ट घरांतली काही घरं पूर्ण उचलून शून्यापासून आपल्या संख्येपर्यंतचा कुठलाही आकडा मांडता येतो, आणि प्रत्येक आकडा एकाच रीतीने.

तर आपली संख्या सात वेगवेगळ्या मूळसंख्यांचा गुणाकार आहे: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून तिचे भाजक बरोबर १२८, आठव्या घरातल्या दाण्यांइतके. अंकांची बेरीज ८७. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद म्हणत. आपली संख्या त्या कसोटीला उतरत नाही, ८७ मधला २९ आडवा येतो. प्रत्येक परीक्षेत पास व्हायलाच हवं असं थोडंच आहे.

एक दाणा कमी असला तर हे एवढं. एक दाणा जास्त असला तर? शेवट ६१७, दोनाचा चौसष्टावा घात अधिक एक. ही फर्माची सातवी संख्या, आणि तिने फार दिवस दाद दिली नाही. फ्रान्सच्या फॉर्च्युने लँद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचे दोन तुकडे जाहीर केले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. त्याच्या पंचवीस वर्षं आधी थॉमस क्लाउझेनने हेच तुकडे गाउसला पत्रातून कळवले होते, पण ते पत्रातच राहिलं. शेजारी शेजारी बसलेल्या तीन संख्या: एक आपणहून उघडते, एकीत दोनाखेरीज काही नाही, एक म्हाताऱ्याचे हात दुखवते. आकाराने तिन्ही सारख्या. ‘अठरावर अठरा शून्यं’ म्हणणाऱ्याला त्या तीन आहेत हेसुद्धा कळायचं नाही.

अर्ध्या पटाचीही एक मिरास आहे. खालच्या चार ओळींची बेरीज ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार, फर्माच्या ज्ञात असलेल्या सगळ्या मूळसंख्या. ३० मार्च १७९६ रोजी अठरा वर्षांच्या गाउसला उमगलं की फक्त कंपास आणि पट्टीने सतरा सारख्या बाजूंची आकृती काढता येते. ग्रीकांच्या काळापासून कुणाला जमलं नव्हतं ते. पुढे ठरलं की बाजूंची संख्या विषम असेल तर ती या फर्मा-मूळसंख्यांपासूनच बनलेली हवी, आणि कुठलीही दोनदा येता कामा नये. त्यामुळे कंपास-पट्टीने निघू शकणाऱ्या आकृत्यांत बाजूंची सर्वांत मोठी माहीत असलेली विषम संख्या म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे. काढायला कुणी बसू नये. योहान हेर्मेस नावाच्या जर्मन माणसाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात दहा वर्षं घातली, १८९४ मध्ये संपवली. ते कागद पेटीत भरून ग्योटिंगेनला ठेवले आहेत. त्या पेटीबद्दल मला आदर आहे, पण हेवा नाही.

पुन्हा पिंगलाकडे जाऊ. त्याच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली आणि मेरुप्रस्तार मांडून दाखवला: वर एक, खाली एक-एक, मग एक-दोन-एक, मग एक-तीन-तीन-एक, प्रत्येक आकडा त्याच्या डोक्यावरच्या दोघांची बेरीज. जग त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतं. या मेरूत विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ दोनाच्या पद्धतीतली, म्हणजे संगणक वाचतो तशी, एक संख्या म्हणून वाचा. ओळींतून येतं: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७… ओळखीची मंडळी. पहिल्या बत्तीस ओळींत एक सोडून बाकीच्या एकतीस या नेमक्या गाउसच्या विषम बाजूंच्या संख्या, अर्ध्या पटाच्या बेरजेपर्यंत. आणि चौसष्टाव्या ओळीत चौसष्ट आकडे, मधला तर अठरा अंकी, पण झाडून सगळे विषम. चौसष्ट वेळा १. वाचली की आपलीच संख्या. तिच्या खालच्या ओळीत दोन्ही टोकांना १ आणि मधे सगळी शून्यं: तीच लँद्रीची ६१७ वाली. लघु-गुरू मोजायला बांधलेल्या मेरूत या दोघी शेजारी एकीखाली एक उभ्या असतील, याची कल्पना हलायुधाला असण्याचं काही कारण नव्हतं. सम-विषम रंगवत मी ओळी उतरलो तेव्हा बराच वेळ उठावंसं वाटलं नाही, एवढं खरं.

काशीच्या देवळाची गोष्ट मात्र मी आवरती घेतो. १८८३ मध्ये एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने तीन खुंट्या आणि उतरत्या चकत्यांचं खेळणं टोपणनावाने बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी आंरी द पार्विल या लेखकाने त्याला कथा जोडली: काशीच्या देवळात हिऱ्याच्या तीन सुया, चौसष्ट सोन्याच्या चकत्या, पुजारी अहोरात्र हलवताहेत, काम संपलं की जग संपेल. हलवाव्या लागतात तितक्या वेळा म्हणजे आपलीच संख्या. सेकंदाला एक चकती धरली तर सुमारे ५८४ अब्ज वर्षं. ही कथा फॉरवर्ड होऊन येते तेव्हा देऊळ खरंच असल्यासारखी येते. ते देऊळ पॅरिसमध्ये बांधलं गेलं. बांधणाऱ्याने आपली पुराणं उघडलीही नव्हती, हे उघड आहे. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि प्रलय त्या दिवसाच्या अखेरीस. पुजाऱ्यांचं काम संपेस्तोवर अशा एकशे पस्तीस दिवसांइतका काळ उलटून गेलेला असेल.

आजच्या यंत्रांत मात्र ही संख्या खरोखर राहते. चौसष्ट बिटांच्या संगणकात एका वेळी धरता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच, चौसष्ट वेळा १. तिच्यात आणखी एक मिळवला की चौसष्टही घरं रिकामी होतात आणि यंत्र शून्य दाखवतं. धाकट्या, बत्तीस बिटांच्या मापात ऋण संख्यांसाठी जागा सोडली की कमाल उरते २,१४,७४,८३,६४७. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणं यूट्यूबवर या आकड्यापुढे गेलं आणि मोजणीचं माप चौसष्ट बिटांचं करावं लागलं. हा आकडा भास्कराचार्यांच्या दात्याच्या कवड्यांहून बरोबर एकाने जास्त आहे, आणि ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे ती मूळसंख्या आहे. त्या दात्याने जाता जाता आणखी एक कवडी टाकली असती, तर त्या ढिगाच्या सारख्या वाटण्या कुणालाच करता आल्या नसत्या.

पण तोच चौसष्ट बिटांचा संगणक स्प्रेडशीटमध्ये आपली संख्या टंकली तर काय करतो? पहिले पंधरा अंक ठेवतो आणि उरलेल्यांची शून्यं करतो: १८४४६७४४०७३७०९५०००००. गाळलेली रक्कम ५१,६१५. एवढ्या ढिगात ती म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. मी म्हणून त्या गोल केलेल्या आकड्याला सातही मूळसंख्या लावून पाहिल्या. तीन आणि पाच टिकले. सतरा गेला, २५७ गेला, ६४१ गेला, ६५,५३७ गेला, ६७,००,४१७ गेला. डावीकडचे पंधरा अंक जागेवर आहेत आणि संख्या दुसरीच कुणीतरी आहे. आमच्या हेडकॅशियरने असा व्हाउचर परत फेकला असता.

तेव्हा एक विनंती आहे. एखाद्या रिकाम्या दुपारी रेघांचा कागद घ्या, वीसच्या वीस अंक लिहा आणि ६४१ ने हातानेच भागा; खिशातला कॅल्क्युलेटर शेवटचे अंक ठेवेलच असा भरवसा नाही. घरात सहावी-सातवीतलं पोर असेल तर ६४१ चा पाढा त्याच्याकडून आधी करून घ्या, भागाकार भराभर उतरतो. उत्तर २८,७७,८०,७१,८७,७८,६२,०१५ आलं पाहिजे, आणि बाकी काही उरता कामा नये. उरली, तर ती नवाच्या पटीत आहे का ते बघत बसू नका, सरळ पुन्हा भागा.